नेतृत्वाची खरी कसोटी ताळेबंदापलीकडे

उद्योगधंद्यात नीतिमत्तेला कितपत स्थान असावे, हा वाद जुना आहे. वैयक्तिक सचोटी हा घरातला गुण, व्यवसायात मात्र नफा हेच प्रमाण, असे मानणारा एक मोठा वर्ग आजही आहे. परंतु कंपनीच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीची सचोटी ही तिची खासगी बाब राहू शकत नाही. हजारो कर्मचाऱ्यांची उपजीविका आणि लाखो गुंतवणूकदारांची पुंजी तिच्यावर अवलंबून असते. जगातील दोन गाजलेल्या प्रकरणांतून ही बाब ठळकपणे समोर येते.

'सत्यम'चा धडा

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबातील गैरव्यवहाराची कबुली दिली. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवण्यात आले होते. त्यापैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचे उत्पन्न २,११२ कोटी असताना २,७०० कोटी दाखवले गेले, तर ६१ कोटींचा कार्यचालन नफा ६४९ कोटींवर नेण्यात आला. पत्र जाहीर झाले त्याच दिवशी कंपनीच्या समभागाने तीन चतुर्थांशांहून अधिक किंमत गमावली.

हे एका रात्रीत घडले नव्हते. प्रत्यक्ष नफा आणि कागदावरचा नफा यांतील फरक सुरुवातीला किरकोळ होता आणि वर्षागणिक तो फुगत गेला, असे राजू यांनीच पत्रात नमूद केले. येथेच नेतृत्व आणि नीतिमत्ता यांच्या नात्याचे मर्म आहे. पहिली लबाडी छोटी असते. मात्र एका तिमाहीत वाढवलेला आकडा पुढच्या तिमाहीचा पाया ठरतो. बाजाराच्या अपेक्षा त्या खोट्या आकड्यावरून पुढे सरकतात आणि त्या पूर्ण करण्यासाठी आणखी मोठे खोटे लागते. मागे फिरण्याची किंमत दर तीन महिन्यांनी वाढत जाते. ही भगदाडे बुजवण्यासाठी डिसेंबर २००८ मध्ये राजू कुटुंबीयांशी संबंधित 'मायटास' कंपन्या विकत घेण्याचा घाट घालण्यात आला. भागधारकांनी तीव्र विरोध केल्याने तो काही तासांतच सोडून द्यावा लागला.

विशेष म्हणजे, बाहेरून पाहता या कंपनीत कशाचीच उणीव नव्हती. नामवंत स्वतंत्र संचालक होते, आंतरराष्ट्रीय ख्यातीचे लेखापरीक्षक होते, न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी होती. सुशासनाचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कारही काही महिन्यांपूर्वीच मिळाला होता. '१०८' रुग्णवाहिका सेवेची सुरुवात राजू यांच्याच पुढाकाराने झाली होती. म्हणजेच नियमांचा सांगाडा, पुरस्कार आणि दातृत्व यांपैकी काहीही हिशेबातील प्रामाणिकपणाची जागा घेऊ शकले नाही. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर राखण कोणी करायची?

नफ्याआधी ग्राहक

याउलट उदाहरण अमेरिकेतील आहे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात 'टायलेनॉल' या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जणांचा मृत्यू झाला. विषप्रयोग कारखान्यात नव्हे, तर दुकानांत माल पोहोचल्यानंतर झाल्याचे संकेत होते. जॉन्सन अँड जॉन्सनचे अध्यक्ष जेम्स बर्क यांना हात झटकणे शक्य होते. तरीही देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवण्यात आल्या. यासाठी दहा कोटी डॉलरच्या घरात खर्च आला आणि बाजारातील हिस्सा झपाट्याने घसरला. मात्र छेडछाड झाल्यास लगेच लक्षात येईल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणण्यात आले आणि गमावलेला बहुतांश ग्राहक परतला.

बर्क यांच्यासमोर कंपनीचे १९४३ मधील तत्त्वपत्र होते. कंपनीची पहिली जबाबदारी औषध वापरणाऱ्यांप्रति आहे, असे त्यात म्हटले होते. परंतु तत्त्वपत्र भिंतीवर असून भागत नाही. याच कंपनीला पुढे टाल्कयुक्त बेबी पावडरवरून हजारो दाव्यांना तोंड द्यावे लागले आणि २०२३ मध्ये तिची जगभरातील विक्री थांबवावी लागली. दावे कंपनीने फेटाळले असले, तरी एका पिढीने कमावलेला विश्वास पुढच्या पिढीला वारसाहक्काने मिळत नाही, हे त्यातून दिसले.

कायदा आणि विवेक

'सत्यम'नंतर सरकारने जुने संचालक मंडळ बरखास्त करून नवे नेमले. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने कंपनी ताब्यात घेतल्याने हजारो नोकऱ्या वाचल्या. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात अपिलात शिक्षा स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक मुदतीनंतर बदलणे, स्वतंत्र संचालकांची जबाबदारी आणि गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी यंत्रणा अशा तरतुदी आणल्या.

या तरतुदी आवश्यकच आहेत. मात्र कायदा बहुधा घटना घडून गेल्यावर हाती येतो. वाईट बातमी वेळेवर वरपर्यंत पोहोचते की नाही, हे वरच्या माणसाच्या वर्तनावर ठरते. खरा आकडा सांगणाऱ्याला शाबासकी मिळते की बदली, हे कर्मचारी पाहत असतात आणि त्यावरून कंपनीचा अलिखित नियम शिकतात. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. निकाल अपेक्षेपेक्षा कमी लागला, एवढे स्पष्ट सांगण्याचे धैर्य पहिल्या तिमाहीत स्वस्त असते. पुढे त्याची किंमत इतरांनाच मोजावी लागते.