जानेवारीचा डोस

लोकसंख्या दिनाच्या अंकासाठी कुटुंबनियोजनावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात जाऊन बसले. मागचा इतिहास थोडक्यात असा: र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, सरकारी कार्यक्रम १९५२ मध्ये आला. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते बारगळलं. पुढे १९९६ मध्ये वरून लादलेली टार्गेटं गेली.

मी गुंतले ती तिथल्या सिस्टरांच्या जोडपी नोंदवहीत. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या प्रत्येक विवाहितेची त्यात ओळ: मुलं किती, धाकटं केवढं, साधन कोणतं. पानामागून पान बाईचं ऑपरेशन. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी ते करून घेतलेलं आढळलं. पुरुष नसबंदीचं प्रमाण एक टक्कासुद्धा नव्हतं. बिनटाक्याची ती शस्त्रक्रिया काही मिनिटांची, पोट उघडावं लागत नाही. तरी "त्यांना कष्टाचं काम असतं" म्हणून टेबलावर झोपते ती बायकोच. ऊसतोडीला कोयता तर दोघंही चालवतात. मला याचा राग येतो.

ज्यांना ऑपरेशन नको, नुसतं अंतर हवं, त्यांच्यासाठी तांबी आहे, गोळ्या आहेत आणि २०१७ पासून ‘अंतरा’ इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी एक डोस. घरात कोणाला दाखवावं लागत नाही, म्हणून बायकांना ते बरं वाटतं. पाळी मागेपुढे होते, कधी बंदच होते. हे सिस्टर सुई भरण्याआधीच सांगतात. "नंतर घाबरून सोडून देतात ना," त्या म्हणाल्या. मग कार्डावर पुढची तारीख, तीच नोंदवहीत, लाल पेनाने.

अडतं ते या तारखेपाशी. जुलैत पहिला डोस घेतला की दुसरा ऑक्टोबरात, ऊसतोडीची टोळी निघायच्या बेतात असते तेव्हा. तिसरा येतो जानेवारीत, आणि तेव्हा ती बाई सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडावर. डोसाला चार आठवडे उशीर चालतो, त्याहून जास्त नाही. कार्ड दाखवून तिथल्या सरकारी दवाखान्यात डोस मागता येतो, पण दवाखाना लांब, आणि गेलं की खाडा. तोही दोघांचा, कारण एकट्याने कोयता चालत नाही. उचल घेतलेली असते, मुकादम खाड्याचे पैसे कापतो.

जानेवारी लागला की सिस्टर आपल्या मोबाइलवरून एकेकीला फोन लावतात. फोन बहुतेक नवऱ्याकडेच असतो. त्याला नुसतं "तिची तारीख आलीय" म्हणायचं की नाही, हे सिस्टर प्रत्येक बाई बघून ठरवतात. काहींनी घरी सांगितलेलंच नसतं. गाळप कधी सुरू होणार, कुठल्या कारखान्यावर किती टोळ्या उतरणार, हे साखर कारखान्यांना आधीच ठाऊक असतं. त्या याद्या तिथल्या आरोग्य केंद्राला मिळाव्यात आणि डोस फडावरच्या खोपीपर्यंत जावा, एवढंच सिस्टरांचं मागणं आहे.