जाळं मासा अडवतं, पाणी नाही

ठाण्यातल्या एखाद्या तलावावर ऑक्टोबरात, उजाडायच्या आधी जाऊन बघा. चिलापी मासे अगदी वर येऊन तोंडं उघडमीट करत असतात. फिरायला आलेले लोक कौतुकानं पाव टाकतात. पण ते मासे भुकेले नसतात, त्यांचा जीव गुदमरत असतो. हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि रात्रभर तोच वापरतं. पहाटेपर्यंत साठा संपत आलेला असतो. वर टाकलेला पाव कुजतानाही ऑक्सिजनच खातो.

धरणाच्या पाण्यात जाळ्याचे पिंजरे टाकून मासे वाढवायचं ठरलं की मला ही पहाट आठवते. आपल्याकडे पिंजऱ्याचं नेहमीचं माप ६ मीटर लांब, ४ रुंद, ४ खोल. म्हणजे ९६ घनमीटर पाणी. त्यातून ३ टन पंगॅसियस मासा काढायचा आणि किलोभर माशामागे दीड किलो खाद्य लागतं असं धरलं, तर साडेचार टन खाद्य पाण्यात ओतावं लागतं. खाद्य जवळजवळ कोरडं असतं, माशाच्या वजनात मात्र सुमारे पाऊण हिस्सा पाणीच. म्हणजे एवढ्या खाद्यातलं टनभरही कोरडं वजन माशाच्या अंगी लागत नाही. बाकीचं श्वासावाटे, विष्ठेवाटे, अमोनिया होऊन आसपासच्या पाण्यात जातं. काही दाणे न खाताच तळाशी बसतात आणि त्या पावासारखेच कुजताना ऑक्सिजन खातात. हा एका पिंजऱ्याचा हिशेब. पिंजरे ओळीनं बांधलेले असतात.

जाळं फाटलं तर मासेही बाहेर. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये पिंजरे कोसळून दोन लाखांहून अधिक अटलांटिक सामन मासे पॅसिफिकच्या पाण्यात गेले. पुढच्याच वर्षी तिथे परक्या जातींची अशी शेती बंद करण्याचा कायदा झाला. आपल्याला हा धडा परदेशातून आणायची गरज नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला चिलापी आज उजनी धरणापासून ठाण्याच्या तलावांपर्यंत पसरला आहे आणि त्याला परत गोळा करणं कुणाच्याच हातात नाही.

तरीही पिंजरा म्हटला की वाईटच, असं मी म्हणणार नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीवरच्या डिंभे धरणानं ज्यांच्या जमिनी बुडवल्या, त्या महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांनी 'शाश्वत' संस्थेच्या मदतीनं मच्छीमार सहकारी संस्था उभी केली. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेनं तिथे पिंजऱ्याचा वेगळा उपयोग दाखवला. इवलंसं मत्स्यबीज थेट जलाशयात सोडलं तर मोठे मासे ते गिळतात. म्हणून ते पिंजऱ्यात बोटभर लांबीची बोटुकली होईपर्यंत सांभाळायचं आणि मग मोकळं सोडायचं. पुढची वाढ धरणातल्या नैसर्गिक खाद्यावर. पाण्यावर खाद्याचा भार थोडाच आणि मासे धरायचा हक्क जमीन गमावलेल्यांकडे. २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पिंजऱ्यांना ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवलं गेलं. पण उरलेली रक्कम, बीज आणि महिनोन्‌महिने लागणारं खाद्य यासाठी हातात पैसा लागतो. ज्याच्याकडे तो नाही, तो आपल्याच गावच्या धरणावर दुसऱ्याच्या पिंजऱ्यांचा रखवालदार होतो. शिवाय पिंजऱ्यांच्या रांगा लागल्या की त्याला जाळं टाकायला जागा उरत नाही.

ठाण्याला भातसा धरणाचं पाणी येतं, डोंबिवलीला बारवी धरणाचं. त्यासाठी शहापूर-मुरबाडची गावं हलली. अशा कुठल्याही जलाशयात पिंजऱ्यांचा विचार होईल तेव्हा आधी त्या गावांच्या मच्छीमार संस्थांना विचारलं पाहिजे आणि पाण्याला किती खाद्य झेपेल ते ठरवलं पाहिजे. पिंजरे पडल्यावर ऑक्सिजन मोजायचा तो पहाटे आणि तळाशी. भर दुपारी वरच्या थराचं पाणी तपासलं, तर गुदमरलेलं धरणसुद्धा कागदावर ठणठणीत दिसतं.