लघुतम कथेतील विनोदाची दिशा : कोसबाडच्या अनुभवाच्या संदर्भात

लघुतम कथेची चर्चा बहुधा तिच्या लांबीभोवती फिरते. वस्तुतः सामान्य माणसाची धडपड मोजक्या शब्दांत मांडताना हसू कोणावर रोखलेले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. दीर्घ कथेत पात्राची बाजू सावकाश उलगडता येते. लघुतम कथेत तेवढा अवकाश नसल्याने एका वाक्याचा तोल ढळला, तरी कष्टकरी माणूस चेष्टेचा विषय होतो.

मराठीत या संदर्भात प्रथम आठवते ती दिवाकरांची नाट्यछटा. १९११ साली त्यांनी या प्रकाराचा आरंभ केला. नाट्यछटेतील पात्र अनेकदा स्वतःच्याच बोलण्यातून उघडे पडते. 'पंत मेले - राव चढले' या शीर्षकातच एकाचा मृत्यू व दुसऱ्याची बढती शेजारी ठेवून उपरोध साधला आहे. येथे हसण्याचे लक्ष्य ढोंग आहे, दैन्य नव्हे.

या निकषाची वेगळी कसोटी डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे लागते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर आले. आदिवासी मुले शाळेत येईनात. कारण घरची गुरे राखणे, लहान भावंडे सांभाळणे ही कामे त्यांच्याकडे होती. मुले येत नाहीत म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा भरली.

या घटनाक्रमात लघुतम कथेचे बीज आहे. गुराख्याला शाळेत आणायला निघालेली शाळाच अखेर गुरांमागे जाते. अपेक्षेच्या या उलटापालटीतून हसू येते. परंतु ते मुलाच्या अडाणीपणावर नसते, तर घंटा, भिंती व हजेरीपट यांनाच शिक्षण मानणाऱ्या व्यवस्थेवर असते. गुरे सोडली तर घर अडते, हे एकदा ध्यानात आले, की करुणेसाठी वेगळे भाष्य करावे लागत नाही. हाच प्रसंग 'शाळेला भिऊन पळणारा मुलगा' म्हणून रंगवला, तर विनोद टिकेल, पण सत्य हरवेल.

अर्थात विनोदाला मर्यादा आहे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकातील वारल्यांची वेठबिगारी संतापाचीच भाषा मागते. तेथे हलके हसूदेखील अन्यायाची धार बोथट करील.

अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' आणि 'दाभोणच्या जंगलातून' या पुस्तकांची शीर्षकेही या दृष्टीने सूचक आहेत. पहिल्यात पाहणारा टेकडीवर आहे, दुसऱ्यात तो जंगलात उतरला आहे. सामान्यांच्या संघर्षावरील लघुतम कथेचे मूल्यमापन करताना शब्दसंख्येपूर्वी निवेदकाचे हे स्थान तपासावयास हवे. निवेदक स्वतःलाही त्या हसण्याच्या कक्षेत घेतो, तेव्हाच त्याची करुणा उपकाराची न राहता सोबतीची होते.