जर्सी कोणत्या टोलीची?

भंडाऱ्याहून मालवण म्हणजे राज्याचं दुसरं टोक. इकडे वैनगंगा, धान आणि तलाव, तिकडे समुद्र, माड आणि मासळी. तरीही मालवणात २०२५च्या फेब्रुवारीत जे घडलं, ते इथल्या पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी नीट समजून घ्यावं असं आहे.

२३ फेब्रुवारीला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीतला भारत-पाकिस्तान सामना झाला. विराट कोहलीने नाबाद शतक ठोकलं आणि भारत सहा गडी राखून जिंकला. त्या रात्री मालवणात पंधरा वर्षांच्या एका मुलाने सामन्यावरून देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार झाली. पोलिसांनी मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी गावात मोटारसायकल रॅली निघाली आणि त्याच दिवशी नगरपरिषदेने कुटुंबाचं भंगाराचं दुकान अनधिकृत म्हणून पाडलं. अशा पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस द्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ला बजावलेलं होतं. त्या आदेशाचा भंग झाला म्हणून कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने नगरपरिषदेला नोटीस काढली. घोषणा दिली की नाही, हा पुराव्याचा प्रश्न. पण आरोप पोराच्या तोंडातल्या शब्दांचा आणि बुलडोझर बापाच्या दुकानावर, हा हिशेब कुठल्या कायद्यात बसतो?

मालवणआधीही असं झालेलं आहे. आपल्या रावेरला लागून मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा आहे. तिथे मोहद नावाचं गाव आहे. १८ जून २०१७ला ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला १८० धावांनी हरवलं. मोहदमध्ये फटाके फोडले, घोषणा दिल्या, असा आरोप ठेवून १७ मुस्लिम पुरुषांवर आणि दोन अल्पवयीन मुलांवर गुन्हा दाखल झाला. आधी थेट देशद्रोहाचं कलम लावलं, काही दिवसांत ते काढून धार्मिक तेढीचं घातलं. ज्याच्या नावाने तक्रार होती तो हिंदू शेजारीच म्हणाला की मी अशी तक्रार केलेलीच नाही. खटला सहा वर्षं रेंगाळला. मधल्या काळात एका आरोपीने आत्महत्या केली. उरलेल्या १६ जणांना ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने निर्दोष सोडलं. सामना एका दिवसात संपला होता.

आसाममधल्या हैलाकांडी जिल्ह्यात तर घोषणाही नव्हती, नुसती जर्सी होती. डिसेंबर २०१६ मध्ये गावच्या क्रिकेट स्पर्धेत एका तरुणाने शाहिद आफ्रिदीच्या नावाची पाकिस्तानी जर्सी घातली. राजकीय पक्षाच्या युवा शाखेने तक्रार केली आणि पोलिसांनी त्याला पकडलं. तो तरुण हिंदू होता. म्हणजे शिक्षा कापडालाच होती, आत कोण आहे हे कुणी पाहिलंच नाही.

या सगळ्यात कायदा काय म्हणतो, हे पालकांना क्वचितच ठाऊक असतं, म्हणून थोडं सविस्तर. १९९५च्या बलवंत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकट्यादुकट्याने सहज दिलेल्या घोषणा, ज्यांना लोकांनी प्रतिसादच दिला नाही, त्या देशद्रोहही ठरत नाहीत आणि दोन समाजांत तेढ लावणंही ठरत नाहीत. त्या घोषणा कधी दिल्या होत्या? ३१ ऑक्टोबर १९८४ला, इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी, चंदीगडच्या एका सिनेमागृहाबाहेर, आणि त्या खलिस्तानच्या होत्या. एवढ्या पेटलेल्या दिवशीच्या घोषणेबद्दल न्यायालयाने हे म्हटलंय.

अल्पवयीन मुलांबाबत कायदा आणखी स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याला विशेष बाल पोलिस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलिस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर उभं करायचं. २०१६च्या आदर्श नियमांत तर असं आहे की गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मोठ्यांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तरच मुलावर प्राथमिक माहिती अहवाल नोंदवायचा, एरवी रोजनाम्यात नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला द्यायचा. अतिगंभीर म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला. तेढीच्या कलमात साधारणपणे जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत. शिवाय कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. मोबाइलवर व्हिडिओ काढून गावभर फिरवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

रंगाची भीती एकाच बाजूला आहे असं मात्र नाही. २०१९च्या विश्वचषकात ३० जूनला बर्मिंगहॅमला इंग्लंडशी खेळताना भारतीय संघाने नारिंगी जर्सी घातली होती. कारण साधं होतं. दोन्ही संघांचा रंग निळा, आयसीसीच्या नियमाप्रमाणे यजमानाने आपला रंग ठेवायचा आणि पाहुण्याने बदलायचा. पण मुंबईत समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी यांनी सामन्याआधीच हे भगवेकरण असल्याचा आक्षेप घेतला. भारत ३१ धावांनी हरल्यावर जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्तींनी त्या जर्सीला दोष दिला. फलंदाजी अखेरच्या षटकांत थंडावली, हे बिचाऱ्या नारिंगी रंगाने केलं म्हणायचं!

आपण समजतो की हे सगळं दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमांनी आणलं. तसं नाही. मुंबईत अर्धशतकाहून जास्त काळ क्रिकेटचे संघ धर्मावरच पाडलेले होते. १८९२पासून युरोपियन विरुद्ध पारशी सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम आले आणि चौरंगी झाली. मग उरलेल्यांचं काय? ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध हे कुठल्याच जिमखान्यात बसेनात, म्हणून १९३७ मध्ये ‘रेस्ट’ नावाचा पाचवा संघ निघाला. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या ‘इतरां’कडून खेळले. १९४३-४४च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांनी ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा राहिला, त्याच्या २१. भारतीय क्रिकेटमधली ही एक अजोड खेळी, आणि ती ज्या संघासाठी झाली त्याला स्वतःचं धड नावही नव्हतं.

हिंदू संघाच्या आतही टोल्या होत्याच. पळवणकर बाळू हे त्या काळचे सर्वोत्तम गोलंदाज, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून जास्त बळी घेतले. पण जात चांभार, म्हणून पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. १९२० मध्ये याच कारणाने त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीरपणे अंग काढून घेतलं. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दाखवली. धर्माच्या नावाने संघ काढला की आतली उतरंड आपोआप सुटत नाही, हे मुंबईने त्या तीन वर्षांत पाहिलं.

ही स्पर्धा बंद करण्याच्या चळवळीला जोर मिळाला तो आपल्या विदर्भातून. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींकडे गेलं. त्यांनी सांगितलं की महाविद्यालयांचे, संस्थांचे संघ समजू शकतात, हिंदू, पारशी, मुस्लिम असे अकरा-अकराचे संघ आपल्याला कधी समजले नाहीत. तरी स्पर्धा लगेच थांबली नाही, कारण मैदानं भरून वाहत होती आणि तिकिटांचा पैसा होता. १९४५-४६च्या हंगामानंतर ती बंद पडली. त्यानंतर भारतात कुठलीही मोठी क्रिकेट स्पर्धा धर्मावर भरलेली नाही. मला तरी हा भारतातल्या खेळाचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे. भंडाऱ्यात निळा रंग नुसता टीम इंडियाचा नाही, आंबेडकरी चळवळीचाही आहे. १९५४च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते आणि पराभूत झाले, ही सल इथे अजून बोलून दाखवतात. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ला दलित कुटुंबाचं हत्याकांड झालं, ते देशाला सांगायची गरज उरली नाही. भगवा, हिरवा, निळा, तिन्ही रंग इथे झेंडा होऊन बसलेले आहेत. आणि जर्सीचा बाजार नेमका या रंगांवर चालतो. दुकानदार मोबाइलवर नमुने दाखवतो, ड्राय-फिट कापड, सब्लिमेशन छपाई, पाठीवर नाव आणि आकडा. छातीवर पुरस्कर्ता म्हणून राइस मिल, नाहीतर पतसंस्था. रंग कोण ठरवतो? बहुधा पैसा देणारा किंवा मंडळाचा म्होरक्या. पोट्टं नुसतं मापापुरतं उभं राहतं.

खरी मेख मंडळांच्या रचनेत आहे. गावातला कबड्डीचा संघ पुष्कळदा गावाचा नसतो, टोलीचा असतो. टोली म्हणजे वस्ती आणि वस्ती म्हणजे जात. मंडळाला कुणी देवाचं नाव देतं, कुणी महापुरुषाचं, आणि नावामागून रंग येतो. मुंबईच्या जिमखान्यांनी जे दिमाखात केलं, तेच आपण हॅलोजनच्या उजेडात करतो. फरक एवढाच की तिथे निदान नियम छापलेले होते. इथे दोन मुलांची रेषेवर झटापट झाली की प्रेक्षकांत बसलेले काका-मामा उठतात आणि बघता बघता चढाईचा वाद टोलीचा होतो.

अशा वाटेने पुढे कुठे पोचतो, ते पाहायचं तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जावं लागेल. सेल्टिक हा क्लब १८८७ मध्ये एका कॅथलिक ब्रदरने काढला, पूर्व भागातल्या गरीब आयरिश मुलांना जेवण मिळावं म्हणून. त्याचे हिरवे-पांढरे पट्टे. रेंजर्स १८७२चा, निळा, प्रोटेस्टंटांचा. रेंजर्सने १९८९ मध्ये मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतलं तेव्हा क्लबच्याच काही पाठीराख्यांनी मफलरी जाळल्या. त्या शहरात अनोळखी मुलाला पूर्वी विचारलं जाई, तू कोणत्या शाळेत होतास? शाळा कळली की धर्म कळे, धर्म कळला की संघ. शर्ट अंगात असला तर विचारायचीही गरज नसे. १९९५ मध्ये सोळा वर्षांचा एक सेल्टिक-पाठीराखा मुलगा सामन्यावरून घरी परतत असताना रस्त्यात मारला गेला. त्याच्या मैत्रिणीने पुढे ‘निल बाय माउथ’ ही संस्था काढली आणि ती आजही शाळा-शाळांतून या द्वेषावर काम करते.

तिथल्या सरकारनेही कायदा करून पाहिला. २०१२ मध्ये सामन्यांतल्या धार्मिक द्वेषाच्या घोषणांवर खास कायदा लागू झाला, आणि २०१८ मध्ये तिथल्याच संसदेने तो रद्द केला. अनेक पबांच्या दारावर अजून पाटी दिसते की फुटबॉलचे रंग घालून आत येऊ नये. शर्ट उतरवायला लावणं सोपं. पण मुलाला शाळेत, घरात, मोहल्ल्यात जे शिकवलं जातं ते त्याच्या शर्टाच्या आत राहतं, तिथे दारावरची पाटी पोचत नाही. म्हणून बंदीवर माझा फारसा विश्वास नाही.

विश्वास आहे तो संघ पाडण्याच्या पद्धतीवर. या दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरेल, दंडारी होतील, रात्री कबड्डी रंगेल. आयोजकांना विनंती अशी की प्रवेश टोलीच्या मंडळाला देऊ नका, गावाला द्या. गावातून दोन संघ निघत असतील तर चिठ्ठ्या टाकून पाडा. रंग मुलांना ठरवू द्या. जर्सीवर गावाचं नाव ठसठशीत छापा आणि पुरस्कर्त्याचं बारीक. आणि वाद झालाच तर मुलाचा व्हिडिओ काढण्याआधी गावच्या शिक्षकाला आणि दोन्हीकडच्या बापांना हाक मारा, पोलिस ठाणं त्यानंतर.