चूक करणारा आणि चूक मोजणारा

गाडी चालवताना फोनवर बोललं की चुका होतात, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवेत? पण ज्याच्या हातून त्या होतात त्यालाच त्यांचा पत्ता नसतो, हे मात्र शोधूनच काढावं लागलं.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड सॅनबॉनमात्सू, डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काहीजणांना सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या रस्त्यावर, गाडी चालवायला बसवलं. काहीजण फोनवर बोलत होते, काही नुसते चालवत होते. मग प्रत्येकाला विचारलं, किती सुरक्षित चालवलीत? २०१६ साली प्रसिद्ध झालेला निकाल चक्रावून टाकणारा आहे. नुसतं चालवणाऱ्यांचा अंदाज बराचसा खरा होता; ज्याच्या चुका जास्त, त्याने स्वतःला गुणही कमी दिले. फोनवर बोलणाऱ्यांनी चुका तर जास्त केल्याच, शिवाय त्यांनी स्वतःला दिलेल्या गुणांचा त्या चुकांशी काही संबंधच उरला नव्हता.

असं का व्हावं? आपण नीट चालवतोय ना, हे पाहायलाही लक्षच लागतं, आणि तेच तर संभाषणात गुंतलेलं असतं. चोराने पहारेकऱ्यालाच सोबत नेलं, तर चोरीची वर्दी देणार कोण?

त्यात गंमत अशी की बोलताना गाडी सहसा लेनमधून भरकटत नाही. उलट मन दुसरीकडे असताना ती कधीकधी जास्तच सरळ धावते, कारण लेन सांभाळण्याचं काम सवयीच्या हाती असतं. ड्रायव्हरला वाटतं, छान चाललंय की! पण अचानक मध्ये येणारं मूल, पुढच्या गाडीचे पेटलेले ब्रेकलाइट हे सवयीच्या आवाक्याबाहेरचं असतं. स्ट्रेयर यांच्या गटाने २००३ मध्ये ड्रायव्हरच्या नजरेचाच माग काढला. फोनवर बोलणाऱ्यांचे डोळे रस्त्याकडेच्या फलकांवर नेमके पडत होते, पण नंतर विचारल्यावर ते फलक त्यांना फारसे ओळखता आले नाहीत. नजर पोहोचली, मन पोहोचलं नाही. जे दिसलंच नाही ते हुकलं, हे कळणार तरी कसं?

मग गाडीशी तोंडानेच बोलावं, हात आणि डोळे मोकळे राहतील, असं कंपन्यांना वाटलं. त्याच विद्यापीठाने रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या एएए फाउंडेशनसाठी या आवाजी यंत्रणा तपासल्या. २०१५ मध्ये जाहीर झालं की काही यंत्रणांना आज्ञा देऊन झाल्यावरही मन पूर्ण रस्त्यावर परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने तेवढ्यात ३०० मीटर अंतर कापलं जातं, आणि ड्रायव्हरच्या मते तर काम कधीच संपलेलं असतं.

‘मला जमतं’ म्हणणारे खरंच असतात का? असतात. २०१० च्या एका प्रयोगात २०० पैकी सुमारे अडीच टक्के लोकांना फोनवर बोलल्याने काडीचाही फरक पडला नाही. (त्या अडीच टक्क्यांत आपण आहोत, असं वाटलं ना?) आणि २०१३ च्या पाहणीत असं निघालं की एका वेळी अनेक कामं करण्याची हौस ज्यांना जास्त, त्यांनाच ती कमी जमतात.

आपला मोटार वाहन कायदा हातात धरलेल्या उपकरणावर बोट ठेवतो. ते बरोबरच आहे, पण पुरेसं नाही. फोन हातात धरलेला असो की हात मोकळे ठेवणारा, संभाषणाने लक्ष सारखंच उडतं, हे स्ट्रेयर यांनी २००१ मध्येच दाखवलं होतं. शेजारी बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला रस्ता दिसतो, वळण आलं की तो स्वतःच गप्प होतो, चुकत असेल तर ओरडतो. तेव्हा नकाशा, गाणी, फोन जे काय असेल ते त्याच्याकडे सोपवा. एकटे असाल तर निघण्याआधी लावा, आणि मध्येच काही बदलायचं झालं तर गाडी बाजूला घ्या.