चला, मॉरिशस पालथं घालू या!

दोस्तांनो, घरात पृथ्वीचा गोल असेल तर तो जरा पुढ्यात घ्या. नसेल तर नकाशावही चालेल. मुंबईवर बोट ठेवा. विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंश. आता बोट नैर्ऋत्येकडे सरकवत न्या. अरबी समुद्र मागे टाकला, विषुववृत्त ओलांडलं, आणखी खाली, मादागास्करच्या पूर्वेला... थांबा! २० अंश दक्षिण. तिथे पेनातून शाईचा थेंब गळल्यासारखं दिसतंय ना, तेच मॉरिशस. मुंबई विषुववृत्ताच्या जितकी वर, जवळजवळ तितकंच हे बेट खाली. आरशातलं प्रतिबिंबच म्हणा ना!

आणि आरशात डावं-उजवं उलटं होतं, तसे तिथे ऋतू उलटे. आपण मे महिन्यात घामाच्या धारा पुसत असतो, तेव्हा तिथे हिवाळा तोंडावर आलेला असतो. घाबरू नका, तो हिवाळा म्हणजे दिवसा पंचवीस-सव्वीस अंश. स्वेटर लागलाच तर डोंगरावर. पण एक गोष्ट आई-बाबांच्याही लक्षात येत नाही. मे महिन्यात तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो! आपल्याकडे सातपर्यंत उजेड असतो, त्या हिशोबाने बेत आखला तर शेवटचा धबधबा अंधारातच बघावा लागेल. म्हणून मे महिन्याच्या सहलीत सकाळी सातला गाडी निघाली पाहिजे आणि पाचला परतीच्या वाटेवर पाहिजे. उशिरा उठणाऱ्यांनी आत्तापासूनच सवय करावी.

दिवाळीची सुट्टी मिळाली तर फारच छान. पाऊस कमी, पाणी कोमट, संध्याकाळ जरा लांबलेली. नाताळची सुट्टी मात्र ऐन उन्हाळ्यात येते आणि तो चक्रीवादळांचा मोसम असतो. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ नावाचं वादळ जवळून गेलं, तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पुराच्या पाण्यात मोटारी वाहत गेल्या होत्या. त्या दिवसांत जायचं असेल तर जरूर जा, पण एक-दोन दिवस हॉटेलात पत्ते खेळत बसायची तयारी ठेवून. वादळाचा इशारा आला की गाडी बाहेर काढायची नाही म्हणजे नाही.

आता बेट किती मोठं? उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. गोव्याच्या साधारण निम्मं. हे आकडे ऐकले की बाबा लोक लगेच म्हणतात, “अरे, मग काय! एका दिवसात प्रदक्षिणा!” इथेच गफलत होते. किनाऱ्याचे रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस, मध्येच गाव, मध्येच बसथांबा, आणि घाटात वळणावर वळण. विमानतळापासून राजधानीतून थेट उत्तरेला जाणारा मोठा रस्ता तेवढा सुसाट. एकंदरीत माझं मत विचाराल तर एका दिवशी बेटाची एकच बाजू बघावी. गाडीच्या काचेतून पळताना बघितलेला समुद्र तो काय समुद्र!

गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, ही मोठी सोय. गोल सर्कल मात्र जागोजागी आहेत आणि तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. वेगावर कॅमेऱ्यांची नजर असते. परवान्याचे आणि विम्याचे नियम गाडी भाड्याने देणाऱ्याला निघण्याआधीच विचारून घ्यावेत. मुलांनो, तुमच्यासाठीही काम आहे बरं का. तुम्ही व्हायचं ‘नकाशावाले’. फोन रस्ता दाखवतो हे खरं, पण कुठला रस्ता घ्यायचा आणि का, हे तो सांगत नाही. कागदावरचा नकाशा मांडीवर घ्या. आणि एक गंमत ध्यानात ठेवा. मे महिन्यात तिथे दुपारी बाराला सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. सूर्यावरून दिशा ओळखायची सवय असेल तर पहिल्या दिवशी हमखास चकवा!

कुठल्या दिवशी कुठे जायचं, हे ठरवायला वाऱ्याची मदत घ्यावी. तिथे वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. हे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, मधल्या पठारावर चढतात आणि तिथे पाऊस पाडतात. पलीकडची पश्चिम बाजू कोरडी राहते. ओळखीचं वाटतंय ना? महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि वाईच्या पलीकडे कोरडं, तोच पर्जन्यछायेचा धडा. फक्त दिशा उलटी. म्हणून क्युरपीप या पठारावरच्या गावात छत्री लागते, त्याच वेळी तासाभराच्या अंतरावर पश्चिम किनाऱ्यावर मुलं वाळूचे किल्ले बांधत असतात. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी मुक्काम पश्चिमेला किंवा उत्तरेला करावा. पूर्वेचा किनारा देखणा आहे, पण वारा नाकातोंडात वाळू घालतो. आणि रोजचे बेत नेहमी दोन ठेवावेत, एक उन्हाचा, एक पावसाचा. कुठला उचलायचा ते सकाळी डोंगराकडे बघून ठरवायचं.

सगळ्यात झकास दिवस म्हणजे नैर्ऋत्येचा. पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालं की समोर समुद्रात घुसलेला एक प्रचंड कातळ दिसू लागतो. हा ल मॉर्न. उंची ५५६ मीटर. चढायचं असेल तर उजाडताच सुरुवात करावी. पहिला टप्पा रुंद वाटेचा, आठ-दहा वर्षांची मुलंसुद्धा चालतील. पुढे मात्र हातापायांनी खडक धरत चढावं लागतं. तिथे ज्यांना जमणार नाही त्यांनी खालीच थांबावं, त्यात कमीपणा काही नाही. खालूनही निळ्या-हिरव्या पाण्याचा देखावा दिसतोच. तिथल्या समुद्रात ‘पाण्याखालचा धबधबा’ आहे असं फोटोत दिसतं ना, तो धबधबा नाहीच मुळी. वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे घसरत जातात, त्याची ती नजरबंदी. आणि ती दिसते फक्त आकाशातून.

पण ल मॉर्नकडे नुसता डोंगर म्हणून बघू नका. बेटावर ऊस लावण्यासाठी आफ्रिका आणि मादागास्करमधून माणसं गुलाम करून आणली गेली. त्यांतली काही पळून या कड्याच्या कपारींत लपली, वर वस्ती करून राहिली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. लोक पिढ्यान्‌पिढ्या अशी कथा सांगतात की, ही बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले. वरच्या लोकांना वाटलं, आपल्याला पकडायलाच आले. पुन्हा गुलाम होण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. स्वातंत्र्य पायथ्याशी येऊन पोचलं होतं आणि त्यांना ते कळलंच नाही. २००८ मध्ये युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारसा म्हटलं. १ फेब्रुवारीला अख्ख्या देशाला सुट्टी असते.

तिथून थोडं मागे फिरून घाट चढला की शामारेल. इथे जमिनीचे उंचवटे तांबडे, तपकिरी, जांभळे, पिवळे दिसतात. ज्वालामुखीचा बसाल्ट खडक झिजून झिजून माती झाली, तिच्यात लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली, त्यांचे हे रंग. आपला सह्याद्रीही बसाल्टचाच, आणि कोकणातला जांभा दगड असाच खडक झिजून बनलेला. म्हणजे रंगीत माती ही आपल्या लाल मातीची चुलत बहीणच झाली!

शामारेलहून रस्ता जंगलात शिरतो. हे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान, १९९४ साली झालेलं. दरीच्या काठावर गाडी थांबवून बघायच्या जागा आहेत. तिथली माकडं तुमच्या हातातल्या बिस्किटाकडे डोळे लावून बसतात. देऊ नका! ही माकडं मूळची बेटावरची नाहीत, माणसांनी आणलेली आहेत, आणि ती पक्ष्यांची अंडी खातात. मे महिन्याच्या सुमाराला रस्त्याकडेला लाल रंगाचे बोराएवढे आंबटगोड पेरू लागतात आणि तिथली कुटुंबं पिशव्या घेऊन ते तोडायला येतात. हे पेरू मात्र खुशाल खा, कारण हे झाडही बाहेरून येऊन जंगलात माजलेलं आहे. इथूनच बेटावरच्या सर्वांत उंच शिखराकडे पायवाट जाते. उंची ८२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मी. वाट बरीचशी सोपी आहे, पण शेवटचा तुकडा खडा, आणि पावसानंतर घसरडा. चिखल असेल तर मुकाट्याने परत फिरावं. पुढे गंगा तलाव लागतो. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं. महाशिवरात्रीला बेटभरातून लाखो माणसं पायी येतात, आपल्या वारीसारखी. त्या दिवसांत या रस्त्यांवर गाडी काढू नये.

आता समुद्र. इथे आई-बाबांनीही जरा कान देऊन वाचावं.

मॉरिशसभोवती प्रवाळाचं कडं आहे, कुठे कुठे तुटलेलं. बाहेरच्या मोठ्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहतं. कोकणात वाढलेल्या मुलांना भरती-ओहोटीचा धाक ठाऊक असतो. इथे भरती-ओहोटीत जेमतेम अर्ध्या मीटरचा फरक. त्यामुळे वाटतं, ही तर आंघोळीची टबच! धोका असतो वेगळ्याच जागी. कड्यावरून आत आलेलं पाणी बाहेर जाणार कुठून? कड्याला जिथे खिंडी आहेत तिथून. त्या खिंडीतून पाणी नदीसारखं ओढत बाहेर जातं, आणि भल्या पोहणाऱ्यालाही घेऊन जातं. म्हणून ज्या किनाऱ्यावर पोहण्याची जागा आखून दिली आहे तिथेच, दोरीच्या आत पोहायचं. पाण्याचा रंग फिक्या निळ्यावरून एकदम गडद झाला की तिथून मागे. आणि दक्षिण टोकाला ग्री-ग्री नावाची जागा आहे, तिथे प्रवाळाचं कडंच नाही. लाटा थेट दक्षिणेच्या महासागरातून येऊन कातळावर आपटतात. ती जागा बघायची, ऐकायची, पण पाण्यात पाऊल टाकायचं नाही.

पाण्यात उतरताना पायांत रबरी बूट हवेतच. तळाशी दगडासारखा दिसणारा दगडमासा असतो, त्याचे काटे विषारी. समुद्री साळूही बोचतात. प्रवाळावर उभं राहायचं नाही, कारण तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात घालून आणणं गुन्हा आहे.

प्रवाळ बघायला आग्नेय किनाऱ्यावरचा ब्लू बे उत्तम. काचेच्या तळाच्या होड्या आहेत, पोहता न येणाऱ्या आजीलाही नेता येईल. याच भागात २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचं अजस्र मालवाहू जहाज प्रवाळाच्या कड्यावर चढलं. काही दिवसांनी त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरलं. तेव्हा गावोगावची माणसं किनाऱ्यावर धावली. उसाचं पाचट कापडात भरून त्यांनी लांबच लांब लोळे शिवले आणि तेल अडवायला पाण्यावर सोडले. केस तेल शोषून घेतात म्हणून कित्येकांनी आपले केस कापून दिले! शाळकरी मुलंसुद्धा हात काळे करून राबत होती.

त्या तेलाच्या वाटेवरच इल ओ झेग्रेत हे टीचभर बेट होतं. अवघं २६ हेक्टरांचं, किनाऱ्यावरून दिसतं, होडीने वाटाड्याबरोबर जाता येतं. जुनं मॉरिशस कसं होतं ते इथे दिसतं. तुम्हाला डोडो ठाऊक असेलच. न उडणारा, गुबगुबीत पक्षी, जगात फक्त इथेच होता. डच लोक १५९८ मध्ये उतरले, त्यांच्या मागोमाग डुकरं, उंदीर, माकडं आली, आणि १६६२ नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. पासष्ट वर्षांत खेळ खलास! तीच गत इतरांची होणार होती. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरला होता. गुलाबी कबुतरं १९९० च्या आसपास जेमतेम दहा. कार्ल जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी घरट्यातली अंडी उचलून उबवली, पिल्लं वाढवली, रानात सोडली. आज दोन्ही पक्षी शेकड्यांत आहेत. इल ओ झेग्रेतवर तुमच्या डोक्यावरच्या फांदीवर गुलाबी कबुतर बसेल, आणि खाली राक्षसी कासव वाट अडवून उभं असेल. घाई करू नका, बाजूने जा.

उत्तरेकडे एक सकाळ पुरे. पांप्लमूसच्या बागेत परातीएवढ्या पानांची कमळं आहेत आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालीपाट ताडही. बाकी बाजारहाट.

शेवटचा दिवस पोर्ट लुईचा ठेवावा. बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी संपायला आली तशी ऊस तोडायला माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी भारतातून छत्तीस मजूर इथे उतरले, आणि पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त. त्यांत मुंबई बंदरातून गलबतावर चढलेले आपले कोकणी-मराठी लोकही होते. त्यांचे पणतू-खापरपणतू आजही तिथे आहेत. घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते! पश्चिमेला कास्काव्हेल गावात त्यांचं देऊळ आहे. वाटेत येतं, जरूर थांबा. गणपती त्या सुमाराला असतील तर मग विचारूच नका.

घाटाच्या पायऱ्या बघून झाल्या की जवळच्या बाजारात दुपारची भूक भागवायची. धल पुरी मागायची. डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, पण गोड नाही, आत रस्सा आणि चटणी. आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण! ती जोडीनेच मिळते. क्रिओलमध्ये जोडीला म्हणतात ‘एन पेर’. तेवढे दोन शब्द पाठ करून जा, आणि मिरची कमी हवी असेल तर पोळी गुंडाळण्याआधीच सांगा.