एक दार बंद झाले म्हणून...

घरी उर्दू, अंगणवाडीत मराठी. मग लेकरू गप्प का बसते? आमच्या एका माजी विद्यार्थिनीला यावर पीएच.डी. करायची आहे. मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, तसे घरचे म्हणाले, "आता राहू दे."

आम्ही तिच्या अब्बांना भेटलो. यूजीसी-नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. शिक्षणशास्त्र आणि गृहविज्ञान हे दोन्ही विषय त्यात आहेत. आयसीएसएसआरही पीएच.डी.साठी फेलोशिप देते. मात्र जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षे. महिलांना पाच वर्षांची सवलत.

मुलगी बत्तीस वर्षांची आहे. अब्बा जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "फॉर्म कधी निघतो?"

भगिनींनो, दुआ कराच. पण अर्जाची तारीखही चुकवू नका.